थंडीत न उठणारी जुनी इम्पल्स: इंजिन खोलायच्या आधी एवढं बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पशुधन पर्यवेक्षक, जिंतूरच्या पुढे येलदरीच्या बाजूच्या गावांत फिरता, गाय अडली की पहाटे चारलाही फोन येतो. गाडी २०१२ ची हिरो इम्पल्स मोटरसायकल, दोन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली. दिवाळी झाल्यापासून पहाटे सेल्फ नुसता टकटक करतो, वीस-पंचवीस किका माराव्या लागतात. चालू झाली तरी चार-पाच किलोमीटर चोक अर्धा ओढून ठेवावा लागतो, नाहीतर झटके देऊन बंद पडते. दुपारी मात्र पहिल्या किकला उठते. गॅरेजवाल्याने रिंग-पिस्टन गेल्याचं सांगून बोअरिंगसकट (सिलिंडर आतून कापून मोठा करण्यासकट) दहा-अकरा हजारांचा खर्च काढलाय. एवढे पैसे घालावेत की गाडी विकून टाकावी, आणि हात बधिर होतात त्याचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी परभणीत बावीस वर्षं दुचाकींचं गॅरेज चालवतो आणि २०१३ पासून माझ्या घरीही इम्पल्सच आहे. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, तिचा आवाज ऐकलेला नाही, त्यामुळे इथून छातीठोकपणे निदान करणं बरोबर होणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवरून मला वाटतं की आत्ताच इंजिन खोलू नये. चोक ओढला की गाडी चालते, ही एक. दुपारी काहीच तक्रार नसते, ही दुसरी. या दोन्ही मिळून सांगतात की पहाटे तुमच्या इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. रिंग गेलेली गाडी सहसा एवढी सरळ वागत नाही. ती दुपारीही ओढायला कमी पडते, निळसर धूर सोडते, ऑइल पिते. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. महिन्याकाठी ऑइल कमी होत असेल किंवा चढावर निळा धूर दिसत असेल तर माझं मत बदलेल, ते आधी तपासा. आणि पहाटे सायलेन्सरमधून पांढरी वाफ दिसते ती धूर समजू नका. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच, गार हवेत ते दिसतं एवढंच. त्या वाफेला घाबरून इंजिन खोलून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता पहाटेच असं का होतं ते बघा. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी ३० अंश आणि पहाटे ८ अंश, असा वीस-बावीस अंशांचा फरक कडक थंडीच्या दिवसांत पडतो. ८ अंशांना पेट्रोलमधला हलका भागच तेवढा नीट उडतो, बाकीचा थेंबाथेंबाने नळीच्या भिंतीला चिकटतो. चोक म्हणजे त्यावरचा उपाय, दुप्पट पेट्रोल द्यायचं म्हणजे त्यातून पुरेशी वाफ निघते. शिवाय गार हवा दाट असते. दुपारच्या मानाने पहाटेची हवा सात-आठ टक्के दाट धरा. इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनात सोडणाऱ्या साध्या भागाला, हे कळत नाही, तो आपला ठरलेल्या छिद्रातून ठरलेलंच पेट्रोल सोडतो.

यात आता पेट्रोलची भर पडली आहे. आपल्या पंपांवर आज वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुमची गाडी बनली तेव्हा एवढं इथेनॉल कोणाच्या हिशेबात नव्हतं. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते आणि पहाटे तीच नसते. त्यात त्याच्या अंगातच ऑक्सिजन असतो, म्हणजे त्याच जेटमधून (पेट्रोलच्या छिद्रातून) मिश्रण आणखी पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेलं, होतं. बारा वर्षांपूर्वी याच थंडीत पाचव्या किकला उठणारी गाडी आता पंधराव्याला उठते, त्यात हा वाटा आहे. पण एवढ्याने पंचवीस किका लागत नाहीत. आणखी कुठेतरी हवा शिरतेय किंवा पेट्रोल अडतंय. थंडी आणि इथेनॉल तुमच्या-माझ्या हातात नाहीत, हे मात्र आहे. म्हणून तेच शोधायचं.

माझा पहिला संशय कार्ब्युरेटर आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांना जोडणाऱ्या रबरी नळीवर, म्हणजे बूटवर आहे. गेल्या पाच-सहा हिवाळ्यांत माझ्याकडे अशा तक्रारीच्या ज्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या आल्या, त्यांत हा बूट सगळ्यात जास्त वेळा सापडला. वरून बघितला तर तो चांगला काळाभोर दिसतो. काढून हातात घ्या आणि बोटांनी हळूच वाकवा. घडीच्या आत केसाएवढ्या बारीक भेगा उघडतात आणि सोडलं की मिटतात. रात्रभर गारठलेलं रबर आखडलेलं असतं, तेव्हा त्या भेगांतून हवा शिरते. इंजिन तापलं की रबर मऊ पडतं, भेग दबते आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. दुपारी मेकॅनिककडे नेली की गाडीत काहीच सापडत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. म्हणून गाडी दाखवायचीच असेल तर आदल्या संध्याकाळी गॅरेजवर ठेवा आणि सकाळी थंडी असतानाच चालू करायला सांगा. दुपारी बारा वाजता थंडीचा दोष शोधण्यात काही अर्थ नाही.

बूट न काढता तपासायचा असेल तर घरच्या घरी होतं. पहाटे गाडी कशीबशी स्लोवर (ॲक्सिलेटर न पिळता) चालू ठेवा आणि झाडांवर मारायच्या स्प्रेच्या बाटलीने बुटाच्या कडेला साधं पाणी मारा. पाणी पडल्यावर इंजिनाचा आवाज बदलला, क्षणभर सुधारला किंवा दबला, तर तिथून हवा जातेय. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर मारतात. तापलेल्या सायलेन्सरच्या शेजारी ते करू नका, पाण्याने काम होतं. बूट नवा मिळतो आणि तो सोल्युशन किंवा टेपने सांधायच्या भानगडीत पडू नका. पेट्रोलच्या वाफेत टेप आठ दिवस टिकत नाही.

त्यानंतर स्लो जेट. स्लोवर आणि थोड्या ॲक्सिलेटरवर पेट्रोल देणारं छिद्र सुईच्या टोकाएवढं असतं. तुमच्या वाटा फुफाट्याच्या, एअर फिल्टर बारा वर्षांत किती वेळा बदलला कोण जाणे, त्यात इथेनॉलने जुन्या टाकीतला गंज आणि चिकटा सुटून खाली येतो. छिद्र पूर्ण बंद होत नाही, अर्धं होतं. तापलेल्या इंजिनाला अर्ध्यावर भागतं, थंड इंजिनाला भागत नाही. जेट काढून उजेडाकडे धरा, छिद्र गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तारेने कोरू नका, पितळ मऊ असतं आणि भोक एकदा मोठं झालं की परत बारीक होत नाही. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरे. हे करताना झाकण काढून वरचा रबरी पडदा, म्हणजे डायाफ्रामही उजेडावर धरून बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी पिकअप जातो. आणि खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल एका काचेच्या भांड्यात घ्या. तळाशी वेगळा थर किंवा थेंब फिरताना दिसले तर ते पाणी आहे. दिवसा गरम, रात्री गार अशा हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आतल्या बाजूला दव धरतं. त्यामुळे हिवाळ्यात मी टाकी रात्री भरलेली ठेवतो. इम्पल्सची टाकी अकरा लिटरची आहे, निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका.

हे सगळं स्वच्छ झाल्यावर मगच मिक्स्चरच्या, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या, स्क्रूला हात लावा. हिवाळ्यापुरतं मिश्रण थोडं जाड करायचं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढवायचं, पाव ते अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही. कुठल्या दिशेने ते स्क्रूच्या जागेवर ठरतं. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत घेतला की वाढतं. हे न बघता फिरवणारे बरेच जण उलटं करून बसतात. आधी स्क्रू पूर्ण आत घेऊन किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात परत जागेवर आणता येईल.

आता टॅपेट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी आणि धूर सोडणारी झाकणं) दाबून उघडणारा भाग. बोअरिंगचा निर्णय घेण्याच्या आधी हे झालंच पाहिजे आणि तुमच्या पोस्टमध्ये टॅपेटचा उल्लेखच नाही. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपल्या बैठकीत आदळून खोल बसत जातो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कंप्रेशन, म्हणजे पिस्टनने आत केलेला दाब, गळतं आणि किक हलकी लागते. मेकॅनिकला हलकी किक लागली की तो रिंगवर बोट ठेवतो. लोक टॅपेट वाजणाऱ्या गाडीला घाबरतात, पण अजिबात न वाजणारी जुनी गाडी मला जास्त खटकते. फट रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण गार इंजिनावरच मोजायची, पिस्टन कंप्रेशनला अगदी वर आणून. फिलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) पात किंचित घासत सरकली पाहिजे. ढिली पडू नये, अडकूही नये. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच धरा. माझ्याकडे या कामाला दोन-तीनशे रुपये होतात, तुमच्या बाजूला थोडं इकडे-तिकडे असेल.

आणि रिंग खरंच गेली का, हे इंजिन न खोलता कळतं. प्लग काढून कंप्रेशन गेज लावा, ॲक्सिलेटर पूर्ण उघडा आणि पाच-सहा किका मारा. आकडा लिहा. मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडा, दोन किका हळू मारून ते पसरू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर ऑइलने रिंगची फट भरली, म्हणजे दोष रिंग-बोअरचा. फारसा वाढला नाही तर गळती व्हॉल्व्हमधून आहे, त्याला बोअरिंगचा उपयोग नाही. दहा मिनिटांचं काम आहे. ज्याने तुम्हाला दहा-अकरा हजार सांगितले त्याने हे करून दाखवलं नसेल तर आधी करून दाखवा म्हणा. भांडायची गरज नाही, चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही.

सेल्फचा प्रश्न वेगळा आहे, तो यात मिसळू नका. नुसती टकटक म्हणजे रिले (सेल्फच्या मोटरचा विजेवर चालणारा स्विच) ओढतोय पण मोटरला करंट पुरत नाही. शिशाची बॅटरी थंडीत मंदावते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली आहे. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करा. सेल्फ दाबल्यावर १० च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीचे दिवस भरले. मग गाडी चालू करून थोडी रेस केल्यावर १३.५ ते १४.५ दाखवायला हवं, नाहीतर चार्जिंगमध्ये दोष आहे. नवी बॅटरी घेण्यापूर्वी निगेटिव्हची वायर इंजिनाला किंवा चेसिसला जिथे बसते तो बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासा. आपल्याकडच्या धुळीत आणि पावसाळ्याच्या ओलीत तिथे पांढरा-हिरवा थर जमतो. अशा गाडीची बॅटरी बदलून पैसे गेलेले आणि टकटक तशीच राहिलेली, असं गिऱ्हाईक दर हिवाळ्यात एखादं येतंच. पहाटे सेल्फवर जोर देत बसू नका. तीन-चारदा दाबून बॅटरी बसली की ठिणगीही मंद पडते आणि मग किकसुद्धा वाया जाते. थंडीत पहिली सुरुवात किकनेच करा. प्लगही नवा टाका. झिजून गॅप रुंद झालेला प्लग तापल्यावर चालवून घेतो, गार असताना नाही.

चालू करायची माझी पद्धत सांगतो. चावी बंद ठेवूनच, चोक पूर्ण ओढून तीन-चार सावकाश किका. त्याने पेट्रोल आत येतं आणि ऑइल थोडं सुटं होतं. मग चावी चालू करून, ॲक्सिलेटरला अजिबात हात न लावता, जोरदार किक. बहुतेक जण इथेच चुकतात, किक मारता मारता ॲक्सिलेटर पिळतात. चोक असताना ॲक्सिलेटर उघडला की आतली ओढ कमी होते आणि चोकमधून येणारं पेट्रोलच घटतं. सात-आठ किकांत उठली नाही तर थांबा. पेट्रोलचा वास येत असेल, तर प्लग भिजलाय. चोक बंद करा, ॲक्सिलेटर पूर्ण उघडा, पाच-सहा किका मारा आणि मिनिटभर थांबून पुन्हा पहिल्यापासून.

उठल्यावर दहा मिनिटं अंगणात रेस करत उभी ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती सोडा. चोकवर उभ्या गाडीत न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि प्लग काळा करतं. मिनिट-दीड मिनिट, हेल्मेट आणि हातमोजे घालून होईपर्यंत, एवढं पुरे. मग पहिले तीन-चार किलोमीटर हळू, मध्यम गतीवर, आणि गाडी साथ देईल तसा चोक आत ढकलत जायचा. गाडीची दुरुस्ती झाली की तुमचा चोक किलोमीटर-दीड किलोमीटरमध्ये सुटला पाहिजे. तसा सुटला तर समजा काम बरोबर झालं.

आणखी एक, क्लच. रात्रभरात क्लचच्या प्लेटा थंड ऑइलने एकमेकींना चिकटतात आणि पहिला गिअर टाकताच गाडी उडी मारते. चालू करण्याआधी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून गाडी दोन हात मागे-पुढे ढकला, प्लेटा सुटतात.

ऑइलबद्दल मी आग्रहाने सांगतो. जुन्या इंजिनाचा आवाज दाबायला आपल्याकडे सर्रास २०डब्ल्यू-५० टाकतात. त्या डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला जाडपणा सांगतो, जेवढा लहान तेवढं गारठ्यात पातळ. कंपनीने या इंजिनाला १०डब्ल्यू-३० सांगितलंय आणि पहाटे निघणाऱ्या माणसाने तरी तेच घालावं. डब्यावर जासो एमए (मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघा. कारचं ऑइल नको, यातला क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलने तो घसरू शकतो. हिवाळ्यात ऑइल थोडं लवकर बदला, विशेषतः तुमच्या फेऱ्या तीन-चार किलोमीटरच्या असतील तर. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही आणि आत धरलेलं पाणी उडून जात नाही. ऑइलच्या झाकणाची काडी काढून बघा, टोकाला ताकाच्या सायीसारखा पांढरट फेस दिसला तर तेच पाणी आहे. हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरू नका, या इंजिनात पाण्याचं कूलिंगच नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा, फेस जातो.

चेनला घरी आल्यावर, गरम असताना ऑइल द्या, निघताना नाही. रात्रभरात ते आत मुरतं आणि जादाचं पुसता येतं, नाहीतर फुफाट्याची धूळ बसून त्याची घासणारी लुगदी होते. टायरची हवा दुपारी उन्हात भरलेली असेल तर पहाटे सुमारे ३ पीएसआयने कमी असते. म्हणून सकाळीच, गार टायरवर तपासा.

आता चालवण्याचं. डिसेंबर २०१८ च्या शेवटी परभणीत पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. त्या आठवड्यात मी पाथरीहून पहाटे परत येत होतो. अंगात दोन स्वेटर, वर जाड जॅकेट, पण हातात साधे सुती मोजे. अर्ध्या तासाने बोटं लाकडासारखी झाली. समोर उसाची ट्रॉली होती, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, धुक्यात नुसता एक काळा ढीग. डोळ्याला दिसली, मेंदूने ब्रेक म्हणून सांगितलं, पण बोटं लिव्हरवर वळेनात. मागच्या ब्रेकवर उभा राहिलो आणि गाडी कडेच्या काळ्या मातीत घातली. लागलं काही नाही. तेव्हापासून बधिर हात हा मी गाडीचा ब्रेक निकामी असण्याइतकाच दोष मानतो. बोटं सरळ वळेनाशी झाली की थांबायचं, हात काखेत धरून पाच मिनिटं उभं राहायचं, मग निघायचं. अडलेली गाय वाट बघतेय हे मला कळतं. पण पोचलात तरच तिला तुमचा उपयोग होणार.

थंडी कापडाच्या जाडीने अडत नाही, वारा अडवावा लागतो. ८ अंशांत ताशी ६० ने चाललात तर उघड्या कातडीला २ अंशांसारखं लागतं. स्वेटरच्या वर साधा पावसाळी रेनकोट घाला, आपल्याकडचे दूधवाले घालतात तसा. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दोन-तीन पानं हाही उपाय खरा आहे. हातांसाठी हँडलला हँडगार्ड बसवा. मिळाले नाहीत तर पाच लिटरच्या ऑइलच्या कॅनमधून दोन तुकडे कापून लिव्हरच्या पुढे पक्के बांधता येतात, माझ्या गाडीला पहिली दोन वर्षं तेच होते. फक्त हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून लिव्हर आणि केबल कुठे अडकत नाहीत ना ते पाहा. तुमच्याकडे तपासणीचे पातळ रबरी हातमोजे असतातच. ते आत घालून वर एक माप मोठे लोकरीचे किंवा कातडी मोजे घाला, अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासाला छान चालतं. मोजे घट्ट नकोत, रक्त फिरलं नाही तर गरम कपडाही गार पडतो. गरम होणारे ग्रिप लावायचा विचार असेल तर या गाडीला नको. त्यांना जवळपास हेडलाइटएवढा करंट लागतो आणि हळू चालीत तुमची बॅटरी पुन्हा बसेल.

हेल्मेटची काच धुकटते ती आपल्याच श्वासाने. बोटभर उघडी ठेवा, नाकावर रुमाल असा बांधा की श्वास खाली जाईल, आणि निघताना काचेच्या आतून भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पसरून कोरड्या कापडाने पुसा.

रस्त्याचं तुम्हाला मी काय सांगणार, तरी दोन गोष्टी. शेतीची वीज रात्रीची असली की माणसं रात्रभर गव्हा-हरभऱ्याला पाणी देतात, आणि भरलेलं पाणी रस्त्यावर येतं. काल संध्याकाळी कोरडा असलेला पट्टा पहाटे काळ्या मातीचा राडा झालेला असतो आणि तुमच्या टायरच्या खाचा त्यात दहा फुटांत भरतात. तिथे ब्रेक नको, दुसरा गिअर, ॲक्सिलेटर स्थिर, नजर लांब. दुसरं, तुरीच्या काड्या रस्त्यावर पसरलेल्या असतात. दव पडलेल्या काड्यांवर टायर घसरतो आणि सुकलेल्या असतील तर त्या सायलेन्सरला गुंडाळून पेटू शकतात. पार केल्यावर थांबून एकदा खाली वाकून बघा. मागचा ड्रम ब्रेक पहाटे पहिल्यांदा दाबला की अचानक धरतो किंवा धरतच नाही, गल्लीतच दोनदा हलका दाबून घ्या.

येलदरी धरणाच्या पाण्याच्या कडेने धुक्यात सलग चालताना गाडी कधी दहा-बारा किलोमीटरनंतर मंद होत बंद पडली आणि पाच मिनिटांनी आपोआप नीट चालू झाली, तर कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बर्फ धरला असण्याची शक्यता असते. पेट्रोल उडताना गारवा तयार होतो आणि ओलसर हवेतलं पाणी तिथे गोठतं. आपल्याकडे हे क्वचित होतं. त्यासाठी काही बदलायचं नाही, थांबायचं एवढंच, इंजिनाची उष्णता ते वितळवते.

विकायचं का? माझं मत विचाराल तर नको. जमिनीपासून २४५ मिलिमीटरचा क्लिअरन्स आणि लांब शॉक असलेली एवढी हलकी गाडी तुमच्या वाटांना जुळते. इंजिन १४९ सीसीचं, हिरोच्या हंक आणि एक्स्ट्रीम या गाड्यांच्याच जातीचं, त्यामुळे गॅस्केट, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट यांची अडचण नाही. मिळत नाहीत ते प्लास्टिकचे भाग आणि इम्पल्सचेच म्हणून बनलेले काही तुकडे. ते भंगारवाल्याकडे दिसले की घेऊन ठेवा.

तर या रविवारी क्रम असा धरा. सकाळी गार गाडीवर बॅटरीचा व्होल्ट आणि टॅपेट, मग पाणी मारून बूट, मग कार्ब्युरेटर, आणि शेवटी नवा प्लग. चमच्याभर ऑइलची कंप्रेशन तपासणी त्याच वेळी उरकून घ्या. जुना प्लग फेकू नका, टोकाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे टाका. टोक पांढरं फटक असेल तर मी म्हणतो ते हवेचं प्रकरण जवळजवळ नक्की, काळं आणि कोरडं असेल तर चोक आणि फिल्टरकडे बघू, आणि काळं, ओलं, ऑइलकट असेल तर तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं मी पुन्हा विचारात घेईन.